पैसे घ्यायची खिडकी

मिस्त्रीला फरशी डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त कळायची. फरशी बसवून झाली, खालचा मसाला वाळला, की हा गडी गुडघ्यांवर रांगत रांगत हातोडीच्या लाकडी दांड्यानं एकेका फरशीवर टकटक करत जायचा. आवाज भरीव आला तर पुढे. पोकळ आला तर ती फरशी उखडायचीच, मग मुकादम बोंबलो नाहीतर मालक येऊन नाचो. अकरा वर्षं परमुलखात त्यानं हेच केलं. गुडघ्यांची पार वाट लागली, पण याच्या हातची फरशी पोकळ वाजली असं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

आता गंमत बघा. तिकडे घरी बायकोचं कामही तेच. गावाबाहेर फरशीचा कारखाना, तिथं ती तपासणीला होती. भट्टीतून निघालेली फरशी हातात धरायची, बोटाच्या पेरानं ठोकायची, कान द्यायचा. खणखणीत वाजली तर खोक्यात, बद्द वाजली तर बाजूला. खोकं भरलं की वर आपल्या नंबराची चिठ्ठी ठेवायची. तिचा नंबर सत्तेचाळीस. आणि कारखान्याचा निम्म्याहून जास्त माल जहाजात बसून कुठं जायचा, तर मिस्त्री ज्या देशात राबत होता तिथं.

तिसऱ्या वर्षी मिस्त्रीनं एक खोकं फोडलं आणि आत सत्तेचाळीस नंबर निघाला, तेव्हा येडा तासभर कामाला हात न लावता नुसता बसून राहिला होता. दुपारी फोन केला.

"अगं, तुझं खोकं आलंय माझ्याकडे!"

"एखादी फुटकी निघाली का?" तिनं आधी हे विचारलं. कामाची बाई.

"एकही नाही."

"मग झालं तर. नीट बसवा. मी ठोकून पाठवलीय."

तेव्हापासून खोकं फोडताना त्याचा हात जरा हळू चालायचा. सत्तेचाळीस निघाला की चिठ्ठी खिशात, खिशातून बिस्किटांच्या डब्यात. आठ वर्षांत डब्याचं झाकण लागेना झालं. एकाच फरशीवर दोन टकटक, एक तिची, एक याची, आणि मधे अख्खा समुद्र. असा संसार चालला होता.

खोलीत चौघं राहायचे. दोघं वरच्या पलंगावर, दोघं खालच्या. मिस्त्री खाली, गुडघ्यांमुळे. त्याच्या डोक्यावर वायरमन, त्याला सगळे 'बातम्या' म्हणायचे. कारण सकाळी दात घासायच्या आधी तो फोन उघडायचा आणि भाव वाचायचा. इथल्या पैशाला आज घरचे किती मिळणार, तो भाव. समोरच्या पलंगावर प्लंबर आणि सुतार, दोघंही कान टवकारून. भाव चांगला असला की चौघं अंघोळीआधी पैसे पाठवायचं ठरवायचे. खोलीचा कायदाच होता तो. बातम्यानं "आज सोडा" म्हटल्याशिवाय कुणी खिडकीवर जायचं नाही.

म्हणजे काय व्हायचं, आपल्या देशाचा पैसा घसरला की या खोलीत आनंदीआनंद. वरच्या पलंगावरून हाळी यायची, "पडला रे पडला!" आणि खाली चहाला साखर जास्त.

मग एक वर्ष असं आलं की आपला पैसा वधारायला लागला. आज थोडा, उद्या थोडा, खाली यायचं नावच घेईना. तिकडे टीव्हीवर माणसं कोट घालून पेढे वाटल्यासारखी हसत होती. आणि खोलीत सुतक. आधी जेवढ्या पैशात घरी सिमेंटच्या पाच गोण्या यायच्या, तेवढ्यात आता चारच यायला लागल्या. घाम तेवढाच, उन्हं तीच.

"आपल्याच देशाचं भलं झालं," प्लंबर म्हणाला, "आणि आपलीच थोबाडं उतरली. काय देशप्रेमी आहोत आपण!"

"उतरेल," बातम्या म्हणायचा. "चढलेलं कधीतरी उतरतंच. धरून बसा. घरखर्चापुरते पाठवा, बाकीचे दाबून ठेवा."

आणि मिस्त्री धरून बसला. माणूस शहाणा, फरशीच्या बाबतीत. पैशाच्या बाबतीत बातम्याच्या नादी लागला. पहिला महिना थांबला. दुसऱ्या महिन्यात भाव अजून पडला, मग वाटलं आता पाठवणं म्हणजे नुकसान. तिसऱ्यात अजून. चौथ्यात तर पाठवायचं म्हणजे चार महिने गाढवासारखं थांबलो हे स्वतःशी कबूल करायचं, ते कोण करणार? कामं जोरात होती, ओव्हरटाइम होता, पैसे खात्यात पडून होते. घरी मात्र पूर्वीच्या निम्मेच जात होते.

त्याच दिवसांत कामावर खोकी बदलली. एका सकाळी ट्रकमधून उतरली ती वेगळ्याच रंगाची. आत चिठ्ठी होती, पण वर न वाचता येणारी अक्षरं, नंबर नाहीच.

"आपल्याकडची फरशी कुठाय?" त्यानं मुकादमाला विचारलं. मुकादम म्हणजे बोलायला खडूस, पण आपल्याच भाषेतला माणूस.

"तुमच्याकडचा पैसा तालेवार झालाय ना," मुकादम म्हणाला. "तुमची फरशी आता मालकाला महाग पडते. दुसऱ्या देशाचा माल मागवलाय. तू बसव गपगुमान, फरशीला कुठं जात असते?"

मिस्त्रीनं बसवली. भरीव वाजली, वाईट नव्हती. पण गोदामाच्या कोपऱ्यात सत्तेचाळीस नंबरचं एक जुनं खोकं उरलं होतं, ते त्यानं पोत्याखाली सारून ठेवलं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी त्यानं फोन लावला.

"काम कसंय?"

"जोरात," बायको म्हणाली. "मान वर करायला फुरसत नाही. तुमचं?"

"माझं पण. ओव्हरटाइमवर ओव्हरटाइम."

"बरं आहे मग."

"हो ना. बरंच आहे."

काम जोरात आहे तर तुझ्या नंबराची खोकी का येत नाहीत, हे त्यानं विचारलं नाही. ओव्हरटाइम आहे तर पैसे निम्मे का येतात, हे तिनं विचारलं नाही. दोघंही आयुष्यभर ठोकून ठोकून आवाज ओळखणारी माणसं. समोरचा पोकळ वाजतोय हे दोघांना कळत होतं. पण उखडणार कोण?

"आईचा दम्याचा पंप?" त्यानं विषय बदलला.

"तो स्वस्त झाला की. बाहेरून येतो ना. दुकानदार स्वतःहून म्हणाला, आता दोन घ्या. सासूबाई खूश आहेत. म्हणतात, श्वासावर सूट मिळाली."

फोन ठेवल्यावर मिस्त्री बराच वेळ डब्याकडे बघत बसला. तिची नोकरी गेलीय, हे त्यानं मनाशी पक्कं केलं. आता काय? यंदा करार संपत होता. अकरा वर्षं झाली, आता कायमचं घरी जायचं, असं दोघांचं ठरलेलं. पण हातातल्या पैशाचं वजन तिकडे कमी झालेलं, आणि तिचा पगार बंद. घरी जाऊन करायचं काय?

दुसऱ्या दिवशी मुकादमानं कागद पुढे केला. अजून दोन वर्षांचा.

"गुरुवारपर्यंत सही दे. पगार तोच. तुझ्यासारखा कानाचा माणूस मला मिळत नाही, म्हणून विचारतोय. नाहीतर रांग लागलीय बाहेर."

"गुडघे, मुकादम..."

"गुडघ्यांना घाल पट्टे. मी काय तुझ्या गुडघ्यांशी करार करतोय?"

मिस्त्रीनं कागद घडी करून डब्यात ठेवला, चिठ्ठ्यांच्या वर. बुधवारी त्यानं बातम्याकडून पेन मागून घेतलं. दोन वर्षं म्हणजे काय, असं स्वतःला समजावत होता. अकरा गेली, दोन काय. आई ऐंशीची होईल. बायकोचे केस... असो. सही करायची म्हणून डब्याच्या झाकणावर कागद पसरला, तेवढ्यात फोन वाजला. मेसेज. पैसे पाठवायच्या दुकानाचा. तुमच्या नावानं पैसे आले आहेत, ओळखपत्र घेऊन यावे.

"चुकून आला असेल," तो म्हणाला. "मी पाठवतो. मला कोण पाठवणार?"

"चोर असतात असले," वरून बातम्या म्हणाला. "नंबर-बिंबर सांगू नकोस कुणाला."

"चोर पैसे देतात होय रे?" प्लंबर म्हणाला. "मला पण त्यांचा नंबर दे मग."

पण नाव त्याचंच होतं, बापाच्या नावासकट. संध्याकाळी काम सुटल्यावर तो चुन्याच्या हातांनीच दुकानात गेला. अकरा वर्षं याच दुकानात येत होता तो. डावीकडे पाठवायच्या खिडक्या, तीन, प्रत्येकीपुढे रांग. तिथली लादी त्याच्यासारख्यांच्या बुटांनी झिजलेली. उजवीकडे टोकाला एक खिडकी, तिच्यावर लिहिलेलं 'पैसे घेण्यासाठी'. त्या खिडकीपुढची लादी नव्यासारखी चकचकीत. त्याच्या खोलीतलं कुणी तिथं कधी उभं राहिलं नव्हतं. खिडकीत तर दुकानवाल्यांनी झाडू आणि बादली ठेवलेली.

दुकानातल्या मुलीनं घाईघाईनं झाडू हलवला. कागद पाहिला, आकडा सांगितला. आणि तिकडून लिहिलेला निरोप वाचून दाखवला, तिच्या तुटक्यामुटक्या उच्चारात. त्यात एवढंच होतं: "विमानाचं तिकीट. काम नसेल तर लाजू नका. घरी या."

मिस्त्री पैसे हातात घेऊन बाहेर पायरीवर बसला. त्याला जरा वेळ काही दिसेना. डोळ्यांत चुना गेला असेल. मग फोन लावला.

"अगं, हे काय केलंस?"

"मिळाले का?" ती म्हणाली. "तिथला माणूस मला म्हणत होता, बाई, चुकीच्या खिडकीवर आलात, लोक इथं घ्यायला येतात. म्हटलं, मला पाठवायचेत. नवऱ्याला. तर रांगेतल्या सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. मेली एक तर म्हणाली, माझ्या नवऱ्याला असं काही सांगू नका बरं!"

"पण तुला कुणी सांगितलं मला काम नाही?"

"सांगायला कशाला हवं? चार महिने निम्मे पैसे. आणि तुमचा तो आवाज, ओव्हरटाइमवर ओव्हरटाइम. रिकाम्या डब्यासारखा वाजत होता."

"काम आहे गं. खरंच आहे. पैसेही आहेत. मी... भाव वाढायची वाट बघत होतो."

ती म्हणाली, "म्हणजे पैसे दाबून बसला होतात?"

"हो."

"चार महिने?"

"हो."

"आणि मी इथं सासूबाईंना सांगतेय की तुमचा मुलगा उपाशी असेल! त्यांनी दोन वेळा जेवण टाकलं हो! तुम्हाला अक्कल म्हणून काही..." इथून पुढे पाच मिनिटं ती जे बोलली ते सांगण्यासारखं नाही, पण मिस्त्रीनं ते असं ऐकलं की जणू कुणी त्याच्या दुखऱ्या गुडघ्यांना तेल चोळतंय. अकरा वर्षांत तिनं त्याला असं मन भरून झापलं नव्हतं. परदेशातल्या माणसाला कोण झापतं? त्याच्याशी सगळे जपून बोलतात.

ती दमली तेव्हा तो म्हणाला, "आणि तू? तुझी खोकी कुठायत? काम जोरात म्हणे."

आता तिची पाळी. "बाहेर जाणारा माल बंद पडला," ती हळू आवाजात म्हणाली. "तीन महिने झाले. आम्ही दहा जणी होतो तपासणीला, सहा घरी बसल्या. मालकाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मग त्यानं तोच माल इथं विकायला काढला. कारखान्याच्या फाटकापाशी दुकान टाकलं. आणि अहो, लोक घेतायत! तेल स्वस्त, औषध स्वस्त, बाहेरच्या सगळ्या वस्तू स्वस्त, मग हातात चार पैसे उरतात. म्हणतात, आता घराची फरशी करून घेऊ. मला दुकानात उभं केलंय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"पगार कमी झालाय. म्हटलं तुम्ही ऐकलंत की अजून दोन वर्षं राहाल."

खिशात पेन होतं. मिस्त्रीनं वरून हात ठेवला.

"आणि खरी गोष्ट ऐका," ती म्हणाली. "ही परदेशी मापाची फरशी मोठी आणि पातळ. इथले लोक जुन्या पद्धतीनं चार कोपऱ्यांत चार गोळे लावून बसवतात. महिन्याभरात कडकड फुटते. गिऱ्हाईक येऊन दुकानात भांडतं. मग मीच एक दिवस थापी घेतली आणि मालकाला दाखवलं. पाठीला सगळीकडे मसाला, दात्यांच्या थापीनं एकाच दिशेनं रेघा ओढायच्या, कोपरे रिकामे सोडायचे नाहीत. मालक बघतच राहिला. म्हणाला, बाई, हे कुठं शिकलात? म्हटलं, नवऱ्याच्या फोनवरच्या कटकटीतून. आठ वर्षं दुसरं काही बोललाय का तो?"

मिस्त्री हसला. पायरीवर एकटाच बसून मोठ्यानं हसला, येणारेजाणारे बघायला लागले.

"मालक म्हणतो, बोलवा त्यांना. दुकानातून फरशी घेईल त्याच्याकडे बसवायला माणूस कारखान्याचा. तिकडच्याएवढे नाही मिळणार. पण इथं तिकडचे पैसे तरी तेवढे कुठं राहिलेत?"

"येतो," मिस्त्री म्हणाला.

"तुमचे पैसे आहेत म्हणता, तर माझे परत पाठवा."

"नाही पाठवत. तिकीट तुझ्याच पैशाचं काढणार."

मग तो उठला, पुन्हा दुकानात गेला, या वेळी डावीकडच्या रांगेत. चार महिन्यांचे दाबून ठेवलेले सगळे पैसे पाठवायला. मघाचीच मुलगी आता या खिडकीत बसली होती. ती म्हणाली, "आत्ता घेतले ना? आता पाठवताय?"

"हो."

"आजचा भाव वर्षातला सगळ्यात वाईट आहे. सांगून ठेवते."

"असू दे," तो म्हणाला. "माझ्या घरच्यांचा श्वास स्वस्त झालाय."

तिला काही कळलं नाही. शिक्का मारला.

गुरुवारी त्यानं तो कागद तसाच मुकादमाच्या हातात दिला. मुकादमानं उलटसुलट करून पाहिला.

"सही?"

"नाही. जातो घरी."

मुकादम गुरकावला, दोन शिव्या दिल्या, रांग लागलीय बाहेर हे पुन्हा सांगितलं. मग गोदामाकडे बघत म्हणाला, "ते पोत्याखाली लपवलेलं खोकं मला माहीत नाही असं वाटतं का तुला? बाथरूमचा उंबरठा राहिलाय. तिथं लाव ते. जाताना काहीतरी धड करून जा." आणि वर्षभराच्या बाकी सुट्ट्यांचे पैसे, ज्यांच्यासाठी माणसाला सहा महिने चपला झिजवाव्या लागतात, ते त्यानं स्वतः आत जाऊन दुपारपर्यंत काढून आणले. मिस्त्री काही बोलायला गेला तर म्हणाला, "गप. मला ऐकवत नाही असलं."

निघायच्या सकाळी खोलीत बातम्यानं सवयीनं फोन उघडला आणि भाव वाचायला तोंड उघडलं. प्लंबरनं त्याच्या तोंडावर उशी दाबली. "आज नको रे. माणूस घरी चाललाय." पण संध्याकाळी म्हणे त्या तिघांनी धरून ठेवलेले सगळे पैसे पाठवून टाकले, भाव न बघता. सुतारानं फोनवर सांगितलं नंतर. म्हणाला, खोली हलकी झाली बघ.

घरी आल्यावर मिस्त्रीचं पहिलं काम निघालं ते एका नर्सबाईंकडे. वीस वर्षं सिमेंटच्या जमिनीवर राहिलेली बाई, पहिल्यांदाच फरशी करत होती. त्यानं दोन दिवसांत खोली बसवली, तिसऱ्या दिवशी सुकू दिली. चौथ्या दिवशी दुपारी बायको दुकानातून सुटून तिथंच आली, चपला दारात काढल्या आणि पदर खोचून सरळ खाली बसली.

"तू काय करतेस?"

"तपासणी. माझं कामच आहे ते."

तिनं बोटाच्या पेरानं ठोकायला सुरुवात केली. एक, दुसरी, तिसरी. तो मागे भिंतीला टेकून पाय लांब करून बसला. नर्सबाई चहा घेऊन दारात उभ्या. खिडकीखाली ती थांबली. परत ठोकली.

"ही."

"काहीतरीच."

"या इकडे. ऐका."

तो रांगत गेला. दांड्यानं ठोकलं. कोपऱ्यात पोकळ. दुसऱ्या कुणी पकडलेली, अकरा वर्षांत पहिली. घाई झाली असणार. त्या दिवशी घरी लवकर जायचं होतं त्याला, रोजच जायचं असतं आता.

"खोकं कुणाचं होतं?" तिनं विचारलं, हसू दाबत.

"सत्तेचाळीस."

"मग फरशी चांगली आहे. बसवणारा बघावा लागेल."

नर्सबाई फस्सकन हसल्या, चहा बशीत सांडला. मिस्त्रीनं छिन्नी घेतली, फरशी कडेनं अलगद उचलली, न फोडता. बायकोनं खालचा जुना मसाला खरवडून काढला. नवा कालवला तोही तिनंच, आणि दात्यांच्या थापीनं एका दिशेनं रेघा ओढल्या. त्याला फक्त वरून फरशी ठेवायची होती. त्यानं ती ठेवली, दोन्ही तळव्यांनी दाबली आणि म्हणाला, "उद्या ठोकायला ये."

"येते," ती म्हणाली. "चारला."